जेपींचं डायलिसिस मशीन: ५० वर्षांत काय बदललं आणि काय राहिलं?

मी मूळचा निलंग्याचा. गेली बरीच वर्षं लातूरला डायलिसिस टेक्निशियन म्हणून काम करतो. सुया लावायच्या, मशीन चालवायचं, मशीन रुसलं तर त्याची समजूत काढायची, हे माझं रोजचं काम.

आमच्याकडे निलंगा तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक येतात. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. एकदा मशीन सुरू करून मी त्यांचं बीपी लिहून घेत होतो, तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की, डायलिसिस मशीन हा शब्द त्यांनी पहिल्यांदा १९७६ मध्ये ऐकला. आणीबाणी चालू होती, त्यांची नोकरी नवी होती. एक सर्वोदयी कार्यकर्ता गुपचूप वर्गणी गोळा करत आला होता. जयप्रकाश नारायण यांच्यासाठी मशीन घ्यायचं होतं. गुरुजींनी एक रुपया दिला. सरकारी नोकर म्हणून भीती होती, त्यामुळे नाव मात्र लिहू दिलं नाही.

मग त्यांनी मला विचारलं की जेपींचं मशीन असंच होतं का. मी पटकन हो म्हणालो. घरी गेल्यावर लक्षात आलं, की उत्तर चुकलं. ते मशीन असं नव्हतं. म्हणून आज जेपींची गोष्ट सांगतो, पण नेहमी सांगतात तशी नाही. त्यांच्या शेवटच्या चार वर्षांत जे मशीन त्यांच्या शेजारी होतं, त्याच्या बाजूने सांगतो.

जेपी कोण होते? थोडक्यात

जयप्रकाश नारायण यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, गाव सिताबदियारा. १९२० मध्ये प्रभावतीदेवींशी लग्न झालं. १९२२ मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले. फार कमी लोकांना माहीत असतं की बर्कलीला त्यांनी सुरुवात रसायनशास्त्राने केली होती. फी परवडेना, म्हणून विद्यापीठं बदलावी लागली. द्राक्षं तोडली, फळांच्या कारखान्यात काम केलं, भांडी घासली, गॅरेजमध्ये मेकॅनिकगिरीही केली. पुढे विषय बदलून समाजशास्त्र घेतलं आणि १९२९ मध्ये भारतात परतले.

महाराष्ट्राशी त्यांचं नातं तुरुंगातून जुळलं. सविनय कायदेभंगाच्या काळात ते नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्यासोबत ज्या चर्चा झाल्या, त्यातून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून ते साथीदारांसह पळाले. स्वातंत्र्यानंतर मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत, विनोबांच्या भूदानात उतरले. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्या शब्दावर शस्त्रं खाली ठेवली. एप्रिल १९७३ मध्ये प्रभावतीदेवी कॅन्सरने गेल्या आणि ते एकटे पडले. पुढच्याच वर्षी बिहारचे विद्यार्थी त्यांना बोलवायला आले. ५ जून १९७४ ला पाटण्यात त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

२५ जून १९७५ ला दिल्लीत रामलीला मैदानावर त्यांची सभा झाली. त्याच रात्री आणीबाणी लागली आणि पहाट व्हायच्या आत ते अटकेत होते. तेव्हा वय ७२. मधुमेह होता, हृदयाचं दुखणं होतं.

चंदीगडहून मुंबईला

त्यांना चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात स्थानबद्ध ठेवलं होतं. तिथे तब्येत ढासळत गेली. १२ नोव्हेंबर १९७५ ला त्यांना पॅरोलवर सोडलं. आधी दिल्ली, मग मुंबईचं जसलोक रुग्णालय. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं स्पष्ट झालं. हे कोठडीतल्या दुर्लक्षामुळे झालं का, यावर पुढे मोठा वाद झाला आणि चौकशीही झाली. पण त्या क्षणी डॉक्टरांपुढे प्रश्न एकच होता, की जगवायचं कसं.

जसलोक तेव्हा अगदी नवीन होतं, १९७३ मध्ये सुरू झालेलं. तिथे नेफ्रॉलॉजिस्ट डॉ. एम. के. मणी होते. त्यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं. तेव्हापासून शेवटपर्यंत जेपींचा आठवडा मशीनच्या दिवसांवर आखला जाऊ लागला. आमच्या प्रत्येक पेशंटचा आखला जातो तसाच.

डायलिसिस म्हणजे नेमकं काय?

समजायला सोपं आहे. एक अतिशय पातळ पडदा घ्या. एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने क्षारांचं मोजून केलेलं पाणी. पडद्याची भोकं इतकी बारीक, की युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम यांसारखे छोटे रेणू पलीकडे जातात, रक्तपेशी आणि प्रथिनं मात्र अलीकडेच राहतात. जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे, एवढाच नियम. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये या क्रियेला डायलिसिस हे नाव दिलं. रसायनशास्त्र शिकायला निघालेल्या जेपींचा जीव अखेर याच नियमावर टिकला.

नियम सोपा असला तरी यंत्र करणं अवघड होतं. १९४३ मध्ये, नेदरलँड्समध्ये जर्मन फौजा असताना, कांपेन गावातल्या विलेम कोल्फ या डॉक्टरने लाकडी पट्ट्यांचा ढोल केला. त्यावर सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळली आणि तो ढोल क्षारांच्या पाण्यात फिरवला. पहिले पंधराएक पेशंट दगावले. १९४५ मध्ये एक ६७ वर्षांची बाई शुद्धीवर आली आणि यंत्र काम करतं हे सिद्ध झालं.

पण ते काही दिवसांपुरतंच. दर वेळी नवीन रक्तवाहिनी कापावी लागे, मग वाहिन्या संपत. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनच्या नळीचा शंट कायमचा हातावर बसवला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला केला. आज गुरुजींच्या हातावर बोट ठेवलं की जी थरथर लागते, ती त्याच फिस्टुलाची. थोडक्यात, जेपी आजारी पडले तेव्हा कायमचं डायलिसिस ही गोष्ट जगातच जेमतेम १५ वर्षांची होती. भारतात तर ते मोजक्या मोठ्या रुग्णालयांपलीकडे पोचलेलं नव्हतं.

लोकवर्गणीचं मशीन

आता गुरुजींच्या रुपयाकडे येऊ. जेपींना कायम रुग्णालयात राहायचं नव्हतं, आणि सोबत नेता येईल असं मशीन परदेशातून आणायचं तर ते महाग होतं. गांधी शांतता प्रतिष्ठानचे राधाकृष्ण आणि इतर सहकाऱ्यांनी लोकांना आवाहन केलं, की छोट्या छोट्या रकमा द्या. आणीबाणीत जेपींचं नाव घेणंही धोक्याचं होतं, तरी पैसे जमले.

याच दरम्यान पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पंतप्रधान मदत निधीतून ९०,००० रुपये पाठवले. जेपींनी ते नम्रपणे परत केले. ज्या माणसाचं आठवड्याचं जगणं त्या मशीनवर अवलंबून आहे, त्याने घेतलेला हा निर्णय आहे. तो बरोबर की चूक यावर आमच्या वॉर्डात एकदा चांगलीच चर्चा रंगली. आमच्याकडचे बहुतेक पेशंट सरकारी योजनेवरच डायलिसिस घेतात. गुरुजींचं मत असं, की त्यांचा मान त्यांच्यापाशी, पण आपला हक्क आपण घेतला पाहिजे. मलाही ते पटतं.

त्या काळचं मशीन आणि आजचं मशीन

मशीनमधले चार मोठे बदल सांगतो.

१. फिल्टर. डायलिसिसच्या फिल्टरला आम्ही डायलायझर म्हणतो. ७० च्या दशकात तीन प्रकार चालत. एक गुंडाळी, म्हणजे सेलोफेनसारखी नळी डब्यात गुंडाळलेली. दुसरा पाट्यांचा, पडद्यांचे थर एकावर एक दाबून बसवलेला. तिसरा तेव्हा नुकताच आलेला, पोकळ तंतूंचा. आज सगळीकडे तिसराच आहे. हातभर लांबीच्या पारदर्शक नळीत केसासारखे सुमारे १०,००० तंतू असतात, प्रत्येकाची आतली पोकळी साधारण ०.२ मिलिमीटर. तंतूंच्या आतून रक्त, बाहेरून उलट्या दिशेने द्रावण. सगळ्या तंतूंचा पृष्ठभाग मिळून दीड ते दोन चौरस मीटर भरतो, आणि आत रक्त मावतं जेमतेम १०० मिलिलिटरच्या आसपास. जुन्या गुंडाळीत याच्या कितीतरी पट रक्त शरीराबाहेर राही. हृदय अशक्त असलेल्या म्हाताऱ्या पेशंटला तेच जड जायचं.

२. पाणी किती काढायचं? मूत्रपिंड बंद म्हणजे लघवी बंद, पिलेलं पाणी अंगातच. ते मशीनने काढायचं. जुन्या पद्धतीत पडद्यावरचा दाब हाताने कमी-जास्त करून अंदाजाने काढत आणि पेशंटला पुन्हा पुन्हा वजन करून बघत. अंदाज चुकला की बीपी धाडकन खाली, पायात गोळे, उलट्या.

१९८० च्या सुमारास यावर सुंदर उपाय आला, तो म्हणजे बॅलन्स चेंबर. गवळ्याचं माप डोळ्यापुढे आणा. डबीच्या मधोमध एक लवचिक पडदा. एका बाजूला ताजं द्रावण भरलं की दुसऱ्या बाजूचं वापरलेलं द्रावण तेवढंच बाहेर ढकललं जातं. जितकं आत तितकंच बाहेर, थेंबाचा फरक नाही. मग एक वेगळा छोटा पंप लावायचा आणि त्याला सांगायचं की चार तासांत दोन लिटर जास्तीचे काढ. तो तेवढेच काढतो. गुरुजी आले की मी वजन करतो, स्क्रीनवर आकडा टाकतो, झालं. माझ्या मते पेशंटचा त्रास सगळ्यात जास्त कमी केला तो या डबीने.

३. द्रावण. सुरुवातीला मोठ्या टाकीत १०० लिटरच्या वर पाणी घेऊन त्यात क्षार कालवत. सिएटलमधले अल्बर्ट बॅब हे खरं तर अणुऊर्जा आणि रसायन क्षेत्रातले इंजिनियर. ६० च्या दशकात त्यांच्या चमूने असं यंत्र केलं, की जे दाट द्रावण आणि शुद्ध पाणी ठरलेल्या प्रमाणात सतत मिसळत राहतं. त्यातूनच घरी डायलिसिस करण्याचा रस्ता उघडला. त्या काळी द्रावणात बायकार्बोनेटऐवजी ॲसिटेट टाकत, कारण बायकार्बोनेट कॅल्शियमसोबत ठेवलं की चुन्यासारखा साका बसे. ॲसिटेटने अनेकांना मळमळ व्हायची, बीपी पडायचं. आज मशीनखाली दोन कॅन असतात, एक ॲसिडचा, एक बायकार्बोनेटचा. मशीन ते ऐनवेळी मिसळतं आणि द्रावणातून वीज किती वाहते यावरून प्रमाण तपासतं. आकडा हलला की द्रावण पेशंटकडे न जाता परस्पर ड्रेनमध्ये जातं.

४. राखणदार. रक्ताच्या नळीत हवेचा बुडबुडा आला तर अल्ट्रासाउंडचा सेन्सर ओळखतो आणि चिमटा नळी बंद करतो. पडदा फाटून रक्त द्रावणात उतरलं तर प्रकाशाचा सेन्सर ओळखतो. लाईट गेली तर बॅटरीवर रक्ताचा पंप थोडा वेळ चालतो, आणि तीही संपली तर पंपाला हाताने फिरवायची दांडी असते. मराठवाड्यात काम करणाऱ्या टेक्निशियनला त्या दांडीचं महत्त्व सांगावं लागत नाही! जुन्या मशीनवर यातली बरीचशी राखण माणसाच्या डोळ्यांनी आणि कानांनी व्हायची. जेपींच्या शेजारी जे टेक्निशियन आणि नर्स बसले, त्यांच्याबद्दल मला म्हणूनच फार आदर वाटतो.

मशीनसोबत निवडणूक

अशा मशीनवर असताना जेपींनी काय केलं ते बघा. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. विरोधी पक्ष त्यांच्या शब्दावर एकत्र आले आणि जनता पक्ष उभा राहिला. डायलिसिसचे दिवस सांभाळून जेपी सभा घेत राहिले. ६ फेब्रुवारीला ते पुन्हा रामलीला मैदानावर होते.

डायलिसिसनंतर माणूस कसा होतो, हे मी रोज बघतो. गळून जातो. अंगातलं रक्तही कमी झालेलं असतं, कारण रक्त वाढवणारा एरिथ्रोपोएटिन हा हार्मोन मूत्रपिंडातच तयार होतो. त्याचं इंजेक्शन आलं ते ८० च्या दशकाच्या शेवटी. जेपींच्या काळात ते नव्हतं. तरी माणूस देश ढवळून काढत होता.

मार्चमध्ये जनता पक्ष जिंकला. २४ मार्चला राजघाटावर नव्या खासदारांना शपथ देताना ते चाकाच्या खुर्चीत होते. त्याच उन्हाळ्यात उपचारासाठी त्यांना सिएटलला नेलं. स्क्रिबनर आणि बॅब यांचं तेच गाव. तिथून परतल्यावर पाटण्यात कदमकुआँच्या घरी मशीन बसवलं गेलं. खाटेपासून मशीनपर्यंत काही पावलं, एवढंच अंतर.

पुढची दोन वर्षं सुखाची नव्हती. ज्यांना त्यांनी एकत्र आणलं ते आपसात भांडू लागले. मार्च १९७९ मध्ये जसलोकमध्ये असताना ते गेल्याची चुकीची बातमी थेट लोकसभेत जाहीर झाली, श्रद्धांजली वाहिली गेली, आणि इकडे ते जिवंत होते. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात त्यांचं निधन झालं. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. सुमारे चार वर्षं ते मशीनवर जगले. त्यांचं वय, मधुमेह, हृदय आणि तेव्हाचं तंत्र बघता हे थोडंथोडकं नाही. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

आता आपल्याकडचं: पाणी

मशीन सुधारलं, पण एका गोष्टीवाचून ते आजही चालत नाही. ती म्हणजे पाणी. हिशेब करा. द्रावण मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहतं. चार तासांचे १२० लिटर. आरओ प्लांट जे पाणी बाहेर टाकतो ते वेगळंच.

आणि ते पाणी नुसतं पिण्यासारखं असून भागत नाही. आपण पितो ते पोटातून, आतड्यातून गाळून रक्तात जातं. इथे मध्ये फक्त तो पातळ पडदा. ७० च्या दशकात अनेक ठिकाणी डायलिसिसच्या पेशंटना विचित्र आजार झाला. बोलणं अडखळायचं, झटके यायचे, स्मृती जायची. कारण निघालं पाण्यातलं ॲल्युमिनियम. पाणी निवळायला आपण तुरटी टाकतो ना, तेच ॲल्युमिनियम. क्लोरीन राहिलं तर रक्तपेशी फुटतात. आपल्या बोअरचं जड पाणी गेलं तर कॅल्शियम वाढून उलट्या आणि बीपी. म्हणून आधी सॉफ्टनर, मग कार्बन फिल्टर, मग आरओ, आणि रोज तपासणी.

एप्रिल २०१६ आठवतो? मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी ज्या सेंटरला होतो तिथे टँकरवर काम चालायचं. एका सकाळी तपासणीच्या पट्टीने आरओच्या आधीच क्लोरीन दाखवलं. टँकरमध्ये पावडर जास्त पडली होती आणि कार्बन फिल्टर थकलेला. मी मशीन सुरू करू दिलं नाही. सहा पेशंट तीन तास बसून राहिले. एकाचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला, कारण त्यांची परतीची गाडी चुकणार होती. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मशीन चालू केलं असतं, तर त्याच्या वडिलांना मी माझ्या हाताने अपाय केला असता.

आणि अंतर

त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्हा रुग्णालयात गरिबांना डायलिसिस मिळावं, हा उद्देश. पैशाची अडचण बऱ्याच जणांची कमी झाली. राहिलं अंतर.

निलंग्याहून औश्यामार्गे लातूर पन्नासेक किलोमीटर. गुरुजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलंय. ते येतात दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. सकाळच्या एसटीने निघायचं, स्टँडवर अर्धा कप चहा, पूर्ण नाही, कारण पाणी मोजून प्यायचं. मग चार तास मशीन, मग सुया काढून रक्त थांबेपर्यंत बसायचं, मग परतीची एसटी. घरी पोचेपर्यंत अंधार. हे तीनदा होत नाही, असं ते स्वच्छ सांगतात. मग मधल्या दिवसांचं पाणी अंगावर चढतं, आणि दोन वेळात जास्त काढावं लागतं. बॅलन्स चेंबर कितीही अचूक असला तरी शरीर त्या वेगाला साथ देईलच असं नाही.

म्हणजे बघा, जेपींकडे आजच्यापेक्षा खूप मागासलेलं मशीन होतं, पण ते घरात होतं. गुरुजींकडे त्याहून कितीतरी हुशार मशीन आहे, पण ते पन्नास किलोमीटर लांब आहे. गावाजवळ सोय करायची तर नुसतं मशीन आणून भागत नाही. खात्रीचं पाणी, आरओ प्लांट, सलग वीज, आणि पट्टी बघून मशीन थांबवायची हिंमत असलेला टेक्निशियन, हे सगळं सोबत लागतं. मशीनचं काम बरंचसं झालंय. या चार गोष्टींचं बाकी आहे.

मागच्या गुरुवारी मी गुरुजींना माझं चुकलेलं उत्तर दुरुस्त करून दिलं. जेपींचं मशीन असं नव्हतं, त्यात काय काय नव्हतं, हे स्क्रीनवर बोट ठेवून एकेक दाखवलं. त्यांनी शाळेत ऐकावं तसं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं की, तिसऱ्या दिवशी यायचं ठरवलं तर शनिवारी जागा आहे का. मी रजिस्टर बघितलं. दुपारच्या पाळीत एक जागा होती. पण दुपारची पाळी सुटेपर्यंत त्यांची शेवटची सोयीची एसटी निघून जाते. आता सकाळच्या पाळीतल्या लातूरच्याच एका पेशंटशी मी बोलतोय, त्यांनी वेळ बदलून दिली तर जमेल.